आचार्यांच्या डोक्यात बसलेलं हेल्मेट

नळाचा वॉशर आणायला नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानात न जाता जुन्या बाजाराच्या गल्लीतून जावं, असं आचार्यांनी एका रविवारी सकाळी ठरवलं. निर्णय तसा वॉशरएवढाच होता. पण त्या निर्णयापायी पुढे पाच आठवड्यांनी एका भल्या गृहस्थाला टॅक्सीत मान वाकडी करून बसावं लागलं, ते कसं, तेच सांगायचं आहे.

आचार्य हे काही त्यांचं नाव नव्हे. नकाशे सांभाळणाऱ्या कचेरीत ते सव्वीस वर्षं कारकून होते, आणि कुठलाही जुना कागद हाती लागला की "याला इतिहास आहे" असं म्हणायची त्यांना खोड होती, म्हणून कचेरीने त्यांना ही पदवी बहाल केली होती. (एकदा त्यांनी एका नकाशावरचा चहाचा डाग "आता आटलेले तळे" म्हणून नोंदवला होता. साहेबांनी त्यावर सहीसुद्धा केली होती.) बायको सरकारी दवाखान्यात नर्स. तिला सगळी गल्ली सिस्टर म्हणायची, आणि घाबरले की आचार्यही तेच म्हणायचे. घरात तिसरे म्हणजे सिस्टरचे वडील, अण्णा. उभा जन्म प्लंबिंग आणि पत्र्याच्या कामात घालवून आता ते निवृत्त झाले होते, पण हत्यारांची पेटी उशाशी घेऊनच झोपत.

तर, जुन्या बाजारात एका भंगारवाल्याच्या पुढ्यात चंदेरी रंग फासलेलं एक वाडगं होतं. त्यात गंजके खिळे होते. आचार्य पुढे गेले, चार पावलांवर थांबले, आणि मागे आले.

"हे काय आहे?"

"वाडगं."

"खिळे ठेवायचं?"

"आत्ता खिळे आहेत. ओतले की काहीही ठेवा."

आचार्यांनी खिळे बाजूला सारले आणि वाडगं उचललं. ते वाडग्याच्या मानाने फारच जड होतं. काठाजवळ रंगाखाली दोन फुगीर रिबिटा हाताला लागल्या, एक इकडे, एक तिकडे, बरोबर कानांच्या वर येतील अशा. वाडग्याला कुणी कानांच्या जागी रिबिटा मारत नाही. त्यांनी चेहरा शक्य तितका निर्विकार ठेवला. (तो चेहरा पाहून भंगारवाल्याने किंमत दुप्पट केली.) दहा मिनिटांनी ते वाडगं वर्तमानपत्रात गुंडाळून, तान्ह्या पोराला घ्यावं तसं छातीशी धरून, आचार्य घरी पोचले.

"वॉशर?" सिस्टरने विचारलं.

"अगं, वॉशर काय, कुठेही मिळतो. हे बघ. हेल्मेट आहे. लढाईतलं. खरंखुरं."

सिस्टरने ते उलटसुलट केलं. "आत्ता नळाखाली ठेवा. थेंब थेंब गळतोय सकाळपासून."

"नळाखाली? आणि याला वर भोक आहे. ही बघ, गोळी. सरळ टाळूतून."

अण्णांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि भोकात करंगळी घालून पाहिली. "गोळी नाही, जावईबापू. ड्रिलचं भोक आहे. तीन सुती."

"अण्णा, तुम्ही लढाईत होता का?"

"नाही. पण चाळीस वर्षं ड्रिल मारत होतो."

दुसऱ्या दिवशी आचार्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, वाचनालयातून शिरस्त्राणांवरचं जाडजूड पुस्तक आणलं, आणि घोटाळा खरा तिथे सुरू झाला. पुस्तकात दोनशे बारा चित्रं होती आणि आपलं हेल्मेट त्यातल्या एकाशीही जुळत नव्हतं. पुढून पाहिलं तर एकशे चाळीस नंबरासारखं. पण एकशे चाळीसला मागे मानेवर उतरणारा पसरट काठ होता. आपल्याला तो नव्हताच. मागचा भाग सरळ, तासल्यासारखा. दुसरा एखादा म्हणाला असता, कुणीतरी कापला असेल. आचार्यांनी मात्र वहीत लिहिलं, "आजवर अज्ञात असलेला प्रकार."

फोटो काढून, पुस्तक काखोटीला मारून ते संग्रहालयात गेले. जुन्या वस्तूंची साफसफाई आणि जपणूक पाहणाऱ्या मॅडम तिथे होत्या. पांढरा कोट, गळ्यात भिंग, आणि बोलणं असं मोजकं, की प्रत्येक शब्दावर नंबर टाकून ठेवला असावा. त्यांनी फोटो पाहिले.

"यात फेरफार झालेला दिसतोय. वस्तू घेऊन या."

"आणतो, आणतो. आधी थोडी साफ करून..." आचार्य चाचरले. खरी गोष्ट अशी, की ते हेल्मेट एकदा संग्रहालयाच्या दारातून आत गेलं की परत मिळणार नाही, अशी धास्ती त्यांना होती.

"साफ करायची असेल तर ऐका," मॅडम म्हणाल्या. "तारेचा ब्रश नाही. सॅंडपेपर नाही. लिंबू, व्हिनेगर, रॉकेल, काही नाही. तेल तर मुळीच नाही. आधी मऊ कोरडा ब्रश. मग कापसाचा बोळा काडीला गुंडाळायचा, शुद्ध पाण्यात बुडवून पिळायचा, आणि एका वेळी नखाएवढी जागा पुसायची. लगेच कोरडी करायची. रंग निघायला लागला तर थांबायचं. केलेलं सगळं लिहून ठेवायचं. घाई केलीत तर जे शोधताय तेच पुसून टाकाल."

त्या दिवसापासून आचार्य बदलले. कचेरीतून आले की हातपाय धुऊन थेट गॅलरीत. स्टुलावर उशी, उशीवर टॉवेल, टॉवेलवर हेल्मेट. डोक्याला दिवा बांधलेला, हातात काडी, काडीला सिस्टरने दवाखान्यातून आणलेला कापूस. एक नख, दोन नखं, तीन नखं. वहीत नोंद, "डावी बाजू, साडेसात ते आठ, माती निघाली. रंग तपकिरी. (मातीचा.)"

दुसऱ्या आठवड्यात चंदेरी रंगाचा सुटलेला एक पोपडा आपोआप गळला आणि खाली करडा-हिरवा रंग दिसला. आचार्य ओरडले नाहीत, त्यांना ओरडताच आलं नाही. ते स्वयंपाकघरात आले आणि हाताने नुसतं गॅलरीकडे दाखवत राहिले. सिस्टरने आधी त्यांची नाडी पाहिली, मग गॅलरीत जाऊन तो नखाएवढा हिरवा ठिपका पाहिला.

"हा तेव्हाचा रंग?"

"तेव्हाचा. कुणाच्या तरी डोक्यावर होता हा रंग."

त्यानंतर सिस्टर काड्यांना कापूस गुंडाळून देऊ लागली, तोही आचार्यांपेक्षा घट्ट. अण्णाही रोज संध्याकाळी खुर्ची ओढून बसू लागले. घरात टीव्ही लागेनासा झाला.

चौथ्या आठवड्यात आचार्य आतल्या बाजूला वळले. आत काजळी, गंज आणि चंदेरी रंग यांचा मिळून एक जाड थर होता. त्या थराखाली काठापासून वर जाणाऱ्या पट्ट्यांसारखं काहीतरी होतं, बोटभर रुंद, भिंतीला चिकटून बसलेलं. आचार्यांनी मोजल्या. आठ. पुस्तक पुन्हा चाळलं. दोनशे बारांपैकी एकाही हेल्मेटात अशा पट्ट्या नव्हत्या.

आता माणसाच्या संयमाला मर्यादा असते. रविवारी सकाळी सिस्टर दुपारच्या ड्यूटीचा युनिफॉर्म इस्त्री करत होती, अण्णा दाढी करत होते, आणि आचार्यांनी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली हळूच गॅलरीत नेली. मॅडमनी तेल मुळीच नाही म्हटलं होतं, हे त्यांना आठवत होतं. पण एकच थेंब म्हणजे काही तेल नव्हे, तो थेंब झाला.

एक थेंब पडला. पाच मिनिटं गेली. मग 'टक्' असा आवाज झाला आणि पहिली पट्टी भिंतीपासून सुटून आत झुकली. लवचिक होती. बोटाने दाबली की मागे जायची, सोडली की पुढे यायची. दुसरा थेंब, टक्. तिसरा, टक्. आठ थेंबांत आठ पट्ट्या फुलाच्या पाकळ्यांसारख्या आत झुकून उभ्या राहिल्या.

वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे, "तेल, आठ थेंब. स्प्रिंगचे अस्तर. डोक्याला चोहोबाजूंनी आधार देणारी रचना. जगाला अज्ञात. सिद्ध करण्यासाठी घालून पाहणे आवश्यक."

घालताना काहीच त्रास झाला नाही. पट्ट्या अदबीने बाजूला सरल्या आणि हेल्मेट कानांपर्यंत गपकन बसलं. आचार्य कठड्याशी ताठ उभे राहिले. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीने नमस्कार केला. त्यांनी सॅल्यूट केला.

मग ते काढायला गेले.

पट्ट्या आत जाताना वाकत होत्या. बाहेर येताना त्यांची टोकं केसांत रुतत होती. जितकं ओढावं तितकी पकड घट्ट. आचार्यांनी एकदा ओढलं, दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं.

"सिस्टर," त्यांनी हाक मारली.

त्या हाकेवरून सिस्टरने काय ते ओळखलं आणि इस्त्री बंद करूनच ती बाहेर आली. तिने हेल्मेटकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, वहीतली नोंद वाचली.

"श्वास घेता येतोय?"

"येतोय."

"दिसतंय?"

"समोरचं दिसतंय."

"मग समोर बघा आणि ऐका. मला दोन वाजता ड्यूटीवर हजर व्हायचंय. आता साडेदहा झालेत. साबणाचं पाणी आणते."

"पाणी नको. आत पाणी राहिलं तर गंजेल."

"तुम्ही?"

"हेल्मेट."

एवढ्यात अण्णा आले, अर्ध्या गालावर फेस आणि हातात करवत. एवढं तेज त्यांच्या तोंडावर निवृत्तीनंतर कुणी पाहिलं नव्हतं. "सरका बाजूला. मागून एक उभा काप देतो. दहा मिनिटांचं काम. डोक्याला ओरखडा येणार नाही."

"अण्णा, करवत खाली ठेवा."

"बरं, पत्र्याची कात्री आणतो."

"अण्णा," आचार्य दोन्ही हातांनी हेल्मेट धरून भिंतीला टेकले, "लढाईतून सुटून, भट्टीत वितळायचं राहून हे इथवर आलंय. ते माझ्या गॅलरीत कापलं जायला नाही. डोक्याचं काय व्हायचं ते होऊ दे."

सिस्टर नवऱ्याकडे बघत राहिली. चोवीस वर्षांत या माणसाला कुठल्याच बाबतीत इतकं ठाम उभं राहिलेलं तिने पाहिलं नव्हतं. (लग्नातसुद्धा नाही.) तिने वडिलांच्या हातातली करवत काढून घेतली आणि संग्रहालयाला फोन लावला.

"ताई, आमच्या घरचं ते हेल्मेट निघत नाहीये."

"कशातून?"

"डोक्यातून."

"तेल घातलं का?"

"आठ थेंब."

"कापू नका," मॅडम म्हणाल्या.

"डोकं कोण कापतंय, ताई."

"मी हेल्मेटबद्दल बोलतेय. आज मी इथेच आहे, लगेच घेऊन या. आणताना काठाला धरू नका. खालून दोन्ही हातांनी आधार द्यायचा. धक्का लागता कामा नये. ऊन लागू देऊ नका."

अशा रीतीने आचार्य, डोक्यावर ओढणी, दोन्ही तळहात कानांखाली, जिना उतरले. टॅक्सीचं छत ठेंगणं निघालं, त्यामुळे मान वाकडी करून बसावं लागलं. मागे एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला हत्यारांची पेटी मांडीवर घेतलेले अण्णा. ड्रायव्हरने आरशातून तीन वेळा पाहिलं.

"पेशंट आहे का?"

"नाही," आचार्य ओढणीखालून म्हणाले, "पुरातन वस्तू आहे."

ड्रायव्हरने अण्णांकडे पाहून सहानुभूतीने मान हलवली आणि टॅक्सी हळू चालवली.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत एक आखूड टेबल होतं आणि त्यावर नाजूक वस्तू ठेवायची, मधे खळगा असलेली स्पंजची गादी. मॅडमनी हातमोजे घातले. "वस्तू इथे ठेवा."

आचार्य टेबलावर आडवे झाले. हेल्मेट खळग्यात नेमकं बसलं. उरलेले आचार्य टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत राहिले.

मॅडमनी दिवा ओढला आणि भिंगातून पाहू लागल्या. मग त्यांचा तो मोजका आवाज किंचित बदलला.

"हे पायदळातल्या साध्या शिपायाचं आहे. तुमच्या पुस्तकातलं एकशे चाळीस नंबर."

"पण मागचा काठ..." आचार्य खालून म्हणाले.

"बोलू नका, वस्तू हलते. मागचा काठ नंतर हाताने कापलाय, करवतीच्या रेघा स्पष्ट आहेत. वरचं भोक ड्रिलचं."

"तीन सुती," अण्णा म्हणाले.

"बरोबर." मॅडमनी दातांच्या डॉक्टरचा असतो तसा छोटा आरसा कानाजवळून आत सरकवला. "आणि या पट्ट्या..." त्यांनी आरसा फिरवला. "या पट्ट्या डब्याच्या पत्र्याच्या आहेत. मागच्या बाजूला गुलाबाची पाकळी छापलेली दिसतेय. खाऊचा डबा कापून केल्यात. भोकातून वायर, मध्ये बल्ब, आणि खालून काचेचा गोल आत ढकलला की या पट्ट्या त्याला धरून ठेवणार. पडू देणार नाहीत."

"म्हणजे?" सिस्टरने विचारलं.

"दिव्याची शेड आहे ही. लढाई संपल्यावर केलेली." मॅडमनी भिंग खाली ठेवलं. त्यांचे गाल लाल झाले होते. "दुकानात काही मिळत नसलं की लोक असलेल्या वस्तूंतून नव्या करतात. हेल्मेटं आमच्याकडे अकरा आहेत. पण घरी आलेल्या कुणीतरी आपल्या हेल्मेटाचा घरातला दिवा केला, असा एकही नाही. हा पहिला."

अण्णांना राहवलं नाही. ते वाकून आरशात डोकावले आणि बराच वेळ तसेच राहिले. "पट्टीची टोकं बघा," ते हळूच म्हणाले. "दुमडलीत. आठच्या आठ. काच बदलताना घरातल्या कुणाचा हात कापू नये म्हणून. हे घाईचं काम नाही. जीव लावून केलंय." मग जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हणूनच तुमच्या डोक्याला एक ओरखडा नाही, बापू. त्याचे आभार माना."

आचार्यांना आपली अज्ञात प्रकाराची कल्पना, स्प्रिंगचं अस्तर, सगळं गेल्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण आडव्या अवस्थेत, छताकडे बघताना, त्यांच्या डोळ्यांपुढे एक जेवणाचं टेबल आलं, त्यावर हे टांगलेलं, आणि खाली उजेडात बसलेली माणसं. ती नीट दिसावीत म्हणून त्यांनी मान उचलली. त्यासरशी वस्तू हलली, आणि मॅडमनी पुन्हा दटावलं.

"आता काढायचं कसं?" मॅडम म्हणाल्या. "पट्ट्या मागे दाबून ठेवायला हव्यात. आठही एकदम. धातूचं काही घालता येणार नाही, रंग खरवडेल."

सिस्टर घड्याळाकडे पाहत होती. सव्वा बारा. तिने पर्स उघडली आणि एक मोठं पाकीट बाहेर काढलं. अण्णांच्या गुडघ्याचा एक्स-रे. सोमवारी डॉक्टरांना दाखवायचा म्हणून तो पर्समध्येच होता.

"ही फिल्म पातळ असते, गुळगुळीत असते आणि वाकते. हिच्याच पट्ट्या कापते. एकेक डोक्यालगत वर सरकवायची. टोकं केसांत रुतण्याऐवजी फिल्मवरून घसरतील."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही आमच्या क्षेत्रात का आला नाहीत?"

"माझे पेशंट बोलतात, ताई. तेवढाच फरक."

"माझा गुडघा कापणार?" अण्णा म्हणाले.

"दुसरा काढू, अण्णा."

गुडघ्याचे आठ तुकडे झाले. सिस्टर एका बाजूने, मॅडम दुसऱ्या बाजूने. आठवा तुकडा आत गेल्यावर मॅडमनी हेल्मेट दोन्ही हातांनी धरलं आणि सिस्टरने आचार्यांचे खांदे.

"कुणी ओढायचं?" सिस्टरने विचारलं.

"तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "वस्तू स्थिर ठेवायची असते. नेहमी दुसरं जे असेल ते काढायचं."

आणि आचार्य निघाले. सावकाश, एकसंध, फुलदाणीतून देठ निघावा तसे. कान लाल झाले होते, केस उभे राहिले होते. हेल्मेट गादीवर जसंच्या तसं होतं. मॅडमनी आधी त्याच्याकडे पाहिलं, चारी बाजूंनी. मग आचार्यांना विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना?"

"मी ठीक आहे," आचार्य म्हणाले. ते हेल्मेटसमोर उभे राहिले. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांना ते परत न्यावंसं वाटलं नाही. "हे इथेच राहू दे. फक्त, दिवा म्हणून टांगाल ना? हेल्मेट म्हणून नको."

"दिवा म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. सिस्टरने त्यांचे केस हाताने बसवले, आणि ती पावणेदोनला ड्यूटीवर हजर होती.

बारा दिवसांनी संग्रहालयाचं जाड पाकीट घरी आलं. आत आभाराचं पत्र आणि वस्तूच्या सविस्तर तपासणीची प्रत. संध्याकाळी आचार्यांनी नवा शर्ट घातला, सिस्टरला आणि अण्णांना समोर बसवलं, आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. वजन, घेर, रंगाचे थर, करवतीच्या खुणा, पट्ट्यांची दुमडलेली टोकं, सगळं आलं होतं. "साफसफाई अत्यंत संयमाने केलेली आढळते," हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. (तेलाच्या आठ थेंबांचं वाक्य एकदाही नाही.) दुसऱ्या पानावर मथळा होता, "आत आढळलेले इतर पदार्थ". आचार्यांनी घसा साफ केला. काजळी, जतन केली. चंदेरी रंगाचे कण, जतन केले. गंजलेल्या खिळ्याचा तुकडा, जतन केला. काचेची एक बारीक कपची, बहुधा मूळ दिव्याची, अत्यंत महत्त्वाची, वेगळ्या डबीत जतन केली.

पुढची ओळ त्यांनी मनातच वाचली. आवाज का थांबला म्हणून सिस्टरने त्यांच्या हातातून कागद घेतला आणि ती मोठ्याने वाचू लागली.

"केस, एकूण सतरा. मानवी, पांढरे, अलीकडचे. ऐतिहासिक महत्त्व नाही. मऊ ब्रशने झाडून टाकले."